पहिला पाऊस, शेवटचा पाऊस



‘देवाची वाट पाहा’ असे ख्रिस्ती मंडळी एकमेकांना नेहमी सांगतात. ऐकणाऱ्याला वाटेल, आळशी माणसाची बरी सोय आहे ही! हातावर हात ठेवून बसायचे आणि त्याला श्रद्धा म्हणायचे. शेतात राबणाऱ्या तुम्हां मंडळींना तर ही शंका आधी येणार.

मौज अशी की, नव्या करारातील याकोबाच्या पत्रात धीराचा दाखला दिला आहे तो शेतकऱ्याचाच. पॅलेस्टाइनच्या मुलखात उन्हाळा अगदी कोरडा जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पहिला पाऊस पडतो, तेव्हा कुठे तापून दगड झालेली जमीन नांगराला वश होते. मग गहू आणि जव पेरायचे. मार्च-एप्रिलात शेवटचा पाऊस आला तर कणसात दाणा भरतो. याकोब म्हणतो, शेतकरी या दोन्ही पावसांची वाट पाहतो. पाऊस त्याच्या हाती नाही. नांगरट, पेरणी आणि राखण त्याच्या हाती आहे, आणि ती त्याने केलेली असते. बी रुजले की नाही हे पाहायला रोज माती उकरणारा मात्र पीक घालवून बसतो, हे तुम्हांला मी काय सांगावे?

हा झाला शेतातला धीर. घरात माणसांशी वागताना तो फार कठीण जातो. त्याचे एक उदाहरण आपल्या नगर भागातलेच आहे. कवी नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आकाशच कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या पतीपासून दूर, नातलगांकडे राहिल्या. टिळकांच्या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली, हे स्पष्ट बोलले पाहिजे. त्यांनी काही ही वाट आपण होऊन धरली नव्हती.

पुढे ताटातूट संपली, पण लक्ष्मीबाईंचे सोवळेओवळे सुटले नव्हते. आता टिळक म्हणजे स्वभावाने उतावळे, घटकेत रागावणारे, घटकेत घर सोडून निघणारे! ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ते ठाऊकच आहे. पण या एका बाबतीत त्यांनी जबरदस्ती केली नाही. बायकोला तिच्या रीतीने राहू दिले. मला वाटते, टिळकांची श्रद्धा त्यांच्या व्याख्यानांपेक्षा इथे अधिक दिसते. देव दुसऱ्याच्याही मनात काम करतो, यावर विश्वास असेल तरच माणसाला असे गप्प राहता येते. नाहीतर आपण देवाचे काम आपल्या अंगावर घेतो आणि घरात रोज भांडण!

लक्ष्मीबाईंचे मन त्यांच्याच विचाराने पालटले. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि माणसाने केल्या असे उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. बाप्तिस्मा झाला तो 1900 साली. म्हणजे मध्ये पाच वर्षे गेली.

आणि शेवटचा पाऊस? टिळकांनी 1909 साली ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतले. दहाएक अध्याय झाले, आणि 1919 साली ते वारले. काम अर्धेदेखील झाले नव्हते. लक्ष्मीबाईंना शाळा अशी ठाऊक नव्हती. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर शिकल्या. शिक्षक बंधूंनी हे आवर्जून ध्यानात घ्यावे. या बाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय स्वतः रचून ते काव्य पुरे केले. 1936 साली त्याही गेल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून निघाले ते 1938 साली.