समुद्राची वही, करडीची वही



आपल्या करडी गावातून समुद्र दिसत नाही. पण धानाची रोवणी खोळंबली आणि परे पिवळे पडू लागले, की घराघरांत एकच चौकशी सुरू होते: बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला का? तो ओडिशा, छत्तीसगड ओलांडून आला, की आपल्या बांध्या भरतात. वरच्या खोऱ्यात अति बरसला, की ऑगस्ट 2020 सारखी वैनगंगा नदी घरांत शिरते.

समुद्रावरची वादळं दरवर्षी सारखी नसतात. प्रशांत महासागर तापवणारा एल निनो दोन ते सात वर्षांनी डोकं वर काढतो. 2019 मध्ये हिंद महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा जास्त तापला. त्या वर्षी एकट्या अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. अटलांटिकचा फेरा तर दशकांचा. तिथे 1970 नंतर पाव शतक वादळं मंदावली, 1995 पासून पुन्हा जोर आला. यात निसर्गाचा वाटा किती आणि माणसाच्या धुराचा किती, यावर शास्त्रज्ञांमध्ये आजही वाद आहे.

मुलांनो, हा फेरा ओळखता आला तो नोंदींमुळे. आपलं हवामान खातं 1875 सालचं. आजही सकाळी साडेआठला निरीक्षक पर्जन्यमापकातलं पाणी मोजनळीत ओततो, मिलिमीटर वाचतो, वहीत लिहितो. थेंबही पडला नसेल तर शून्य लिहितो. साठ-सत्तर वर्षांचा फेरा एका माणसाच्या नोकरीत पुरा होत नाही; न पाहिलेल्या पिढीसाठी तो लिहीत राहतो.

अशा कामाने माणसं वाचतात. 1999 च्या महाचक्रीवादळात ओडिशात नऊ हजारांहून अधिक जीव गेले. 2013 मध्ये फायलिन आलं, तेव्हा वेळेवर इशारा मिळाला, लाखो लोक आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. वादळाचा फेरा आपल्या हातात नाही, तयारी आहे.

म्हणून मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे: येत्या 1 जूनपासून शाळेत पावसाची वही सुरू करा. रोजचा पाऊस, रोवणीची तारीख, तलावाची पातळी त्यात लिहा. दहावीची मुलं जाताना ती आठवीच्या हाती सोपवतील. एका वर्षाच्या पावसावरून कुणी घाईने निष्कर्ष काढला, तर करडीच्या मुलांनी वही उघडून बोलावं, एवढीच माझी इच्छा.