जलंबचा फाटा आणि संगणकांचे जाळे

१८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावला आले, ते जलंब-खामगाव रेल्वेच्या उद्घाटनासाठी. हा फाटा जेमतेम १३ किलोमीटरचा. त्याआधी खामगावचा कापूस बैलगाड्यांत भरायचा, रेल्वेपर्यंत न्यायचा, उतरवायचा आणि पुन्हा डब्यांत चढवायचा. बाजार मोठा होता, आगगाडीही वेगवान होती. खोळंबा होता तो मधल्या वाटेवर.

आज शेकडो संगणक जोडून एकच मोठे गणित सोडवतात, तेव्हा हाच खोळंबा होतो. प्रोसेसर आपला वाटा क्षणात उरकतो आणि शेजाऱ्याच्या उत्तराची वाट पाहत बसतो. म्हणून संगणक दुप्पट केले तरी काम निम्म्या वेळात होतेच असे नाही.

यावरचे उपाय कापूसवाल्या वऱ्हाडाला समजावून सांगायला नकोत. पहिले, एक क्विंटल कापसातून साधारण ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. मग सरकीचे ओझे दूरवर कशाला न्यायचे? जिनिंग जवळच करावे. तसेच, माहिती जिथे साठवली आहे तिथेच आकडेमोड करावी आणि निष्कर्ष तेवढा पाठवावा. दुसरे, सुटी रुई धाडू नये, गठाण बांधावी. बारीकसारीक निरोप शंभरदा पाठवण्यापेक्षा एकत्र करून पाठवले की वेळ वाचतो. तिसरे, माल मध्ये उतरवू नये. आरडीएमए या पद्धतीत माहिती एका संगणकाच्या मेमरीतून थेट दुसऱ्याच्या मेमरीत जाते. प्रोसेसरला हमाली पडत नाही. आणि एक खेप वाटेत असताना पुढच्या खेपेचे काम चालू ठेवावे.

आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्यातल्या ट्रान्सप्युटर जातीच्या प्रत्येक प्रोसेसरला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी ४ दुवे होते. पुढच्या ‘परम’ संगणकांसाठी सी-डॅकने ‘परमनेट’ हे स्वतःचे जाळेही घडवले. महासंगणक म्हणजे नुसती प्रोसेसरची रास नव्हे, हे त्यांनी ओळखले होते.

शेगाव, खामगाव, बुलढाण्यात संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे आहे. वेगवान प्रोग्राम लिहायला जरूर शिका. पण आपला प्रोग्राम किती वेळ काम करतो आणि किती वेळ नुसता वाट पाहतो, हे आधी मोजा. सुधारणेला सुरुवात तिथूनच करा.