वकीलपत्रावर सही कोणाची?



आज आपण वकील जिथं जमलो आहोत, ते श्रीपूर हे साखर कारखान्याभोवती वाढलेलं गाव. 1934 साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढणारे चंद्रशेखर आगाशे मुळात वकील. ते कंपनीचे मॅनेजिंग एजंट होते. भांडवल अनेकांचं आणि कारभार एजंटाच्या हाती, अशी तेव्हाची पद्धत होती. 1970 मध्ये ती कायद्यानंच बंद झाली. पैसा एकाचा आणि निर्णय दुसऱ्याचा असेल, तर जाब कोणाला द्यायचा? साखरधंद्यातला हा जुना प्रश्न आज आपल्या व्यवसायाच्या उंबऱ्यावर आला आहे.

वकील नसलेल्याबरोबर फीची वाटणी करायची नाही, हा बार कौन्सिलचा नियम आपण शिकताना पाठ केला. त्यामागचं कारण साधं आहे: गुंतवणूकदाराला परतावा हवा असतो, पक्षकाराला खरा सल्ला. आणि खरा सल्ला कित्येकदा ‘दावा लावू नका’ असाच असतो. ऑस्ट्रेलियात 2007 साली स्लेटर अँड गॉर्डन ही वकिलांची फर्म शेअर बाजारात गेली. आधी न्यायालय, मग पक्षकार, शेवटी भागधारक, हा क्रम तिनं लिहून ठेवला होता. पुढं विस्ताराच्या ओढीत 2015 मध्ये ब्रिटनमधला मोठा व्यवसाय विकत घेतला आणि त्या खरेदीनं फर्म कोसळण्याच्या बेताला आली. क्रम कागदावर तसाच होता.

आपल्याकडं फर्मचे शेअर विकता येत नाहीत, म्हणून निर्धास्त राहू नका. शेअर न विकताही कंपनीची रीत आत येते. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये लागली. दिवाळीला आली तेव्हा तिनं मोबाइलवर तिची टाइमशीट दाखवली. दिवसाचे सहा-सहा मिनिटांचे तुकडे आणि प्रत्येकापुढं कोणाच्या बिलात घालायचा ते. एका विधवा बाईचा फोन तिनं वीस मिनिटं ऐकला होता. त्यापुढचा रकाना कोरा. “सर, हा वेळ वाया गेलेला धरतात,” ती म्हणाली. ते ऐकून मला वाईट वाटलं, कारण त्या वीस मिनिटांतच वकील घडतो.

आपणही यातून सुटलेलो नाही. दुसऱ्या तालुक्यातला एक शेतकरी माझ्याकडं आला होता. पिशवीत ऊसबिलाच्या पावत्या, एकाच दोऱ्यानं बांधलेल्या. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. तो तीन वकिलांकडं जाऊन आला होता. तिघेही ज्या कारखान्यानं त्याचे पैसे थकवले, त्याच्याच वकिलांच्या पॅनलवर. एकानंही ‘मी त्यांचा वकील आहे, दुसरीकडं जा’ असं सरळ सांगितलं नव्हतं. तारखा देत राहिले. नकार देणं हा त्यांचा धर्मच होता. नकार लपवला, ही चूक. पॅनल जाईल या भीतीनं माणूस गप्प बसतो. अशा वेळी चेंबर एकट्याचं असलं तरी कारभार कंपनीचा होतो.

नोकरीचं टोक तर आणखी पुढं आहे. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कंपनीच्या पगारी विधी-सल्लागाराला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 132 खालचं वकिलाचं गोपनीयतेचं संरक्षण नाही. पगार ज्याचा, त्याच्यापासून स्वतंत्र राहणं अवघड, हा विचार त्यामागं आहे. मला तो पटतो.

मोठ्या फर्म नकोत, असं मी म्हणणार नाही. ज्युनिअरला महिन्याला ठरलेला पगार मिळतो तो तिथंच; आमच्या पिढीनं ज्युनिअरला चहावर राबवलं, हेही इथं कबूल करतो. मात्र दुपारच्या सत्रात दोन ठराव मांडावेत, अशी विनंती आहे. पॅनलवरच्या वकिलानं प्रकरण घेता येत नसेल, तर पक्षकाराला त्याच दिवशी लेखी कळवावं. आणि ज्युनिअरनं एखादं काम सदसद्विवेकानं नाकारलं, तर ते त्याच्या विरोधात कुठंही नोंदलं जाऊ नये. त्या शेतकऱ्याच्या पावत्या अजून माझ्या टेबलावर आहेत. त्याची तारीख पुढच्या सोमवारी आहे.