दारू सुटताना

चाकणच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला एक गडी मला म्हणाला, "सर, सकाळी घोटभर घेतली नाही तर हात कापतात. म्हणजे अंगाला ती लागतेच की!" इथंच माणूस फसतो. मेंदू रोजच्या दारूला सरावलेला असतो. ती एकाएकी तुटली की पहिले काही दिवस कंप सुटतो, घाम फुटतो, क्वचित झटके येतात, भ्रम होतो. हे जिवावरही बेततं. तेव्हा घरात कोंडून दारू सोडवू नका. आधी डॉक्टर गाठा. जवळच पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले. तेथे आधी औषधोपचार होतो, समजावणे मागाहून. गुरुजी, गावातली अशी घरं तुम्हांला ठाऊक असतात. तेवढा पत्ता जवळ ठेवा. दारू थांबली, की यकृतात साठलेली चरबी काही आठवड्यांत उतरू लागते.