नाणें एक, चुली वेगळ्या

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांत केदारखेडा नांवाचें गांव आहे. कापूस, मका व सोयाबीन यांवर ज्याचें पोट अवलंबून आहे अशा पूर्णेच्या खोऱ्यांतील या मुलखाचा आणि युरोपांतील बँकांचा संबंध तो काय, असा प्रश्न कोणासही सहज पडेल. परंतु २००८ सालानंतर ग्रीस, आयर्लंड व सायप्रस या देशांवर जो प्रसंग ओढवला, त्याचें मर्म उमगण्यास मराठवाड्याच्या इतिहासाइतका सोयीचा दाखला क्वचितच सांपडेल. कारण या प्रदेशानें स्वतः एक नाणें सोडून दुसरें नाणें स्वीकारलेलें आहे.

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत मोडत असे. त्या राज्याचा रुपया निराळा. तो हाली सिक्का, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा तो कलदार. सहा कलदार रुपयांस सात हाली रुपये, असा साधारण हिशेब असे. हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झाल्यावर १९५० नंतरच्या दशकांत हाली सिक्का मागें घेण्यांत आला. हा पालट केवळ नाण्याचा नव्हता. नव्या रुपयाबरोबर रिझर्व्ह बँकेची देखरेख आली, केंद्र सरकारचा अर्थसंकल्प आला, आणि केंद्रानें वसूल केलेल्या करांतून प्रांतांना वांटा ठरवून देणारा वित्त आयोगही आला. असा पहिला आयोग १९५१ सालीं नेमला गेला. वांट्याविषयीं तंटे पुष्कळ झाले व आजही होतात. परंतु वांटा द्यावयाचा कीं नाहीं, हा वाद उरला नाहीं. नाणें एक झालें, तेव्हां चूलही एक झाली.

युरोपानें याच्या उलट केलें. १९९९ सालीं अकरा देशांनीं युरो हें चलन स्वीकारलें. ग्रीस २००१ सालीं त्यांत सामील झाला. चलन एक आणि त्यावर देखरेख करणारी मध्यवर्ती बँकही एक. परंतु कर, निवृत्तिवेतन, बेकारभत्ता आणि बुडत्या बँकेस सांवरण्याचें ओझें हीं मात्र ज्याचीं त्याच्याकडेच राहिलीं. भरभराटीच्या दिवसांत ही उणीव कोणाच्या डोळ्यांत आली नाहीं. ग्रीस व आयर्लंड यांस जवळजवळ जर्मनीइतक्याच स्वस्त व्याजानें पैसा मिळूं लागला. ग्रीसमध्यें सरकारनें कर्ज वाढविलें. आयर्लंडमध्यें बँकांनीं घरबांधणीस वारेमाप कर्जें दिलीं.

१५ सप्टेंबर २००८ रोजीं अमेरिकेंतील लेहमन ब्रदर्स ही पेढी कोसळली आणि सावकारांनीं हात आंखडले. त्याच महिन्याच्या अखेरीस आयर्लंडच्या सरकारनें आपल्या मोठ्या बँकांच्या देण्याची हमी घेतली. बँकांचा तोटा त्यामुळें जनतेच्या माथीं आला. त्यांना सांवरण्यांत सुमारें ६४ अब्ज युरो खर्ची पडले, आणि २०१० च्या नोव्हेंबरांत त्या देशास स्वतःच मदतीसाठीं हात पसरावा लागला. त्यापूर्वीं मे महिन्यांत ग्रीसला ११० अब्ज युरोंचें कर्ज मंजूर झालें होतें. त्याच्या अटी कडक होत्या: पगार व निवृत्तिवेतन यांत कपात, करांत वाढ, सरकारी खर्चास कात्री.

धनको देशांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ग्रीसच्या सरकारनें आपली तूट कमी करून दाखविली होती, हें २००९ सालीं उघड झालें. तेव्हां दुसऱ्याच्या उधळपट्टीचा भुर्दंड आपण कां सोसावा, असें जर्मनीचा करदाता विचारी, तें अगदींच गैर नव्हतें. तथापि औषधाचें प्रमाण चुकलें. स्वतःचें नाणें असतें तर ग्रीसला त्याचा भाव उतरवून निर्यात वाढवितां आली असती. तें दार बंद होतें. राहिला एकच मार्ग, तो म्हणजे माणसांच्या मिळकती उतरविण्याचा. २०१३ सालीं तेथील बेकारी शेंकडा २७ वर पोंचली. तरुणांपैकीं काम शोधणाऱ्यांत निम्म्याहून अधिक रिकामे होते. अशा कपातीचा उत्पन्नावर होणारा परिणाम आरंभीं कमी धरला गेला, हें आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ ऑलिव्हिए ब्लँशार व त्यांचे सहकारी डॅनियल ली यांनीं २०१३ च्या जानेवारींत दाखवून दिलें.

ठेवीदारांची कथा याहून निराळी नाहीं. २०१३ च्या मार्चमध्यें सायप्रसच्या बँका सुमारें दोन आठवडे बंद राहिल्या. एक लाख युरोंच्या आंतील ठेवींतूनही शेंकडा पावणेसात कापून घेण्याची सूचना पुढें आली. तेथील कायदेमंडळानें ती फेटाळली व लहान ठेवीदार वांचले. ग्रीसमध्यें २०१५ च्या उन्हाळ्यांत दिवसाकांठीं साठ युरोंवर रक्कम काढण्यास मनाई झाली, आणि म्हातारीं माणसें निवृत्तिवेतनासाठीं बँकांच्या दारांत रांगा लावून उभीं राहिलीं.

महाराष्ट्रासही हा अनुभव नवा नाहीं. १९६० सालीं अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळांतील पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्यांतून धडा घेऊन १ जानेवारी १९६२ पासून देशांत ठेवींचा विमा सुरू झाला. तेव्हां त्याची मर्यादा दीड हजार रुपये होती. २०१९ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, त्या वेळीं खातेदारांस प्रथम केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. पुढें ४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा एका लाखावरून पांच लाखांवर नेण्यांत आली. हा विमा साऱ्या देशाचा एक आहे. युरोपांत असा सामाईक विमा असावा, ही सूचना २०१५ च्या नोव्हेंबरांत मांडली गेली. ती अद्याप अंमलांत आलेली नाहीं.

मजुराच्या बाबतींत तर महाराष्ट्राचें उदाहरण अधिकच बोलकें आहे. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील लाखों माणसें खडी फोडण्यास गेलीं. विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांच्या पुरस्कारानें उभी राहिलेली रोजगार हमी योजना २६ जानेवारी १९७९ पासून कायद्यानें लागू झाली. तिच्यासाठीं पैसा कोठून आला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १९७५ सालीं व्यवसायकर बसविण्यांत आला. तो मुख्यतः शहरांतील पगारदार व धंदेवाईक यांच्याकडून वसूल होई, आणि तितकीच भर सरकार घाली. मुंबईच्या कारकुनाच्या पगारांतून कापलेले रुपये अशा रीतीनें भोकरदनसारख्या तालुक्यांतील मजुराच्या हातीं पडत. पाऊस नसेल तेथें पैसा आपोआप वळे. त्यासाठीं जालन्यानें मुंबईकडे कर्ज मागण्याची गरज नव्हती. ग्रीसच्या बेकारास बर्लिनच्या करांतून अशी मदत कधीं मिळाली नाहीं. त्याच्या सरकारास मिळालें तें कर्ज. पुढें २०२० च्या जुलैंत, महामारीच्या वेळीं, युरोपीय संघानें ७५० अब्ज युरोंची सामाईक उभारणी मान्य केली व त्यांतील मोठा भाग अनुदान म्हणून देण्याचें ठरविलें. एका चुलीच्या दिशेनें पडलेलें तें पाऊल होय.

तथापि आपली चूलही पुरती बंदिस्त नाहीं. ठेवींच्या विम्याचें कवच बँकांना आहे, पतसंस्थांना नाहीं. २०२३ सालीं मराठवाड्यांतील कांहीं पतसंस्थांत ठेवी अडकल्या, तेव्हां कापसाचे पैसे व मुलीच्या लग्नासाठीं सांठविलेली पुंजी त्यांत गुंतवून बसलेल्यांना हें कळून चुकलें. पाटीवर अधिक व्याजाचा दर झळकत असतो; विमा नाहीं, हें मात्र कोणी मोठ्या अक्षरांत लिहीत नाहीं. केदारखेड्याच्या शेतकऱ्यानें पैसे ठेवण्यापूर्वीं तेवढा एक प्रश्न विचारला, तरी पुष्कळ अनर्थ टळेल. आणि त्यानें तो विचारण्याची वाट न पाहतां उत्तर पाटीवर लिहावयास लावणें, हें सरकारचें काम आहे.

नफा वांटून घेण्यास सर्वच पुढें येतात. तोटा आल्यास तो कोणी व किती सोसावा, हें सुगीच्या दिवसांतच लिहून ठेवावें लागतें. युरोपानें तें लिहिलें नव्हतें. म्हणून तो निवृत्त शिक्षकाकडून आणि बेकार तरुणाकडून वसूल झाला.