समुद्रसहलीला निघताना

आगबोटीचा प्रवास ही कोकणच्या माणसाला एके काळी नवलाईची गोष्ट नव्हती. मुंबईच्या धक्क्यावर बोटीत चढावे, डेकवर वळकटी पसरावी, मधल्या बंदरांत पडावांतून उतरणारी-चढणारी माणसे पाहावीत आणि आपले बंदर केव्हा येते याची वाट पाहत बसावे, असा तो प्रवास होता. ती बोट गेली. अलीकडच्या वर्षांत मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे ज्या मोठ्या बोटी प्रवाशांना घेऊन निघू लागल्या, त्यांची तऱ्हा निराळी. त्यांना क्रूझ म्हणतात. पूर्वीच्या उतारूला बंदर लवकर यावेसे वाटे. या उतारूला ते येऊच नये असे वाटते!

अशा सहलीला बरेच पैसे पडतात. कुणी आई-वडिलांच्या हौसेखातर वर्ष-दोन वर्षे शिल्लक टाकतात. तेव्हा तिचा पुरता लाभ कसा घ्यावा, याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. त्यांतली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. बोटीवर जेवण, गाणे-बजावणे, पोहण्याचा तलाव, दुकाने सारे काही असते. पण हे सारे जमिनीवरही मिळते. आपण भाडे मोजतो ते समुद्राचे. म्हणून समुद्राला सांभाळून राहावे आणि डोळे भरून तो पाहावा, यातच सहलीचे सार आहे.

पहिला प्रश्न, केव्हा जावे? आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या पाण्यात न घालण्याची कोळी बांधवांची रीत उगीच पडलेली नाही. हौशी माणसाने पावसाळा संपून वारे शांत झाल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास जावे, हे उत्तम.

दुसरा प्रश्न खोलीचा. बोट झोपाळ्यासारखी हलते. झोपाळ्याच्या टोकाला झोका मोठा आणि मध्यावर लहान, तसेच इथेही आहे. ज्यांना एस.टी. लागते त्यांनी बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची खोली मागावी. ती स्वस्तही असते. मात्र नाचगाण्याच्या दिवाणखान्याच्या लगत किंवा बरोबर खाली आपली खोली नाही ना, हे नकाशावर पाहून घ्यावे. नाही तर मध्यरात्रीपर्यंत ढोल ऐकत पडावे लागेल. बाहेर पाहण्यासाठी खिडकीची खोली घ्यायची असेल, तर दक्षिणेकडे जाताना किनारा डाव्या हाताला आणि सूर्यास्त उजव्या हाताला असतो, एवढे ध्यानात ठेवावे. येताना उलट.

आता ‘बोट लागणे’. कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल जाणणारे एक इंद्रिय आहे. ते मेंदूला सांगते, ‘आपण हलतो आहोत.’ खोलीच्या भिंतीकडे पाहणारे डोळे सांगतात, ‘आपण स्थिर आहोत.’ या दोन साक्षींतल्या विसंगतीमुळे मळमळ सुरू होते. म्हणून बोट लागू लागली की अंथरुणात तोंड खुपसून पडू नये. उघड्या डेकवर यावे, वारा घ्यावा आणि दूर क्षितिजाच्या रेषेवर नजर ठेवावी. वाचन बंद करावे. पोट अगदी रिकामे नको आणि तुडुंब तर मुळीच नको. आल्याचा तुकडा पुष्कळांना मानवतो. औषधाची गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्याच्या आधी, आणि डॉक्टरांना विचारून. कारण यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते आणि रक्तदाबाची किंवा काचबिंदूची तक्रार असलेल्या वडील माणसांना त्या सगळ्याच चालतात असे नाही.

सामानाविषयी एक व्यवहाराची सूचना. धक्क्यावर मोठी पेटी आपल्या हातून घेतात आणि ती खोलीत पोहोचायला काही तास लागू शकतात. म्हणून रोजची औषधे, ओळखपत्रे, चष्मा आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत असू द्यावेत. औषधे दोन दिवस पुरून उरतील इतकी जास्त घ्यावीत. बोटीवर डॉक्टर असतो, पण ते इस्पितळ नव्हे, आणि तिथला खर्च साधारणपणे निराळा द्यावा लागतो. खोल समुद्रात बोटीवरच्या यंत्रणेतून मोबाइल चालतो, पण त्याचे दर डोळे पांढरे करणारे असतात. निघतानाच फोन ‘फ्लाइट मोड’वर टाकावा. घरच्यांना तसे आधी सांगून ठेवले म्हणजे त्यांना घोर लागत नाही.

चढल्याबरोबर एक भोंगा वाजतो आणि साऱ्यांना आपापल्या जमण्याच्या जागी बोलावतात. संकट आले तर कुठे जायचे, जीवरक्षक जाकीट कसे घालायचे, हे तिथे दाखवतात. पुष्कळ मंडळी या वेळी फोटो काढण्यात दंग असतात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या मनातून कधी गेले नाही. तो काळ गेला म्हणावे, तर १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही प्रचंड बोट खडकावर आदळून कलंडली. बत्तीस माणसे दगावली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो उतारूंची ही कवायत तोवर झालीच नव्हती! पूर्वी ती चोवीस तासांच्या आत घेतली की चाले. पुढे आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून नव्या उतारूंसाठी ती निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच घेणे बंधनकारक झाले. तेव्हा ती पंधरा-वीस मिनिटे मन लावून द्यावीत. नंतर खोलीपासून त्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालून यावे, आणि मुलांनाही बरोबर न्यावे.

बंदरावर उतराल तेव्हा बोटीच्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवून घ्या. परत येण्याची जी वेळ सांगितलेली असते, ती बोट सुटण्याच्या बरीच आधीची असते, आणि बोट कुणासाठी थांबत नाही. स्वतःची गाडी करून दूर जाणार असाल, तर तासभर हाताशी राखून फिरा. लक्षद्वीपला मोठी बोट दूर उभी राहते आणि लहान होड्यांतून बेटावर जावे लागते. समुद्र खवळला तर कप्तान उतरणे रद्दही करतो. अशा वेळी त्याच्यावर चिडू नये. तो आपल्याच जिवाची काळजी करीत असतो. तिथले पोवळे किंवा प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका. प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि ती बेटेच मुळी प्रवाळांवर उभी आहेत. जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याचा आळस करू नये. बोटीवर पोटाची साथ झपाट्याने पसरते आणि तिच्या विषाणूंवर नुसत्या सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही.

आणि आता पाहण्याविषयी. एक दुर्बीण आणि किनाऱ्याचा साधा नकाशा बरोबर घ्या. समुद्रपातळीपासून पंचवीस मीटर उंच डेकवर उभे राहिले, तर क्षितिज सुमारे अठरा किलोमीटरवर असते. मुंबई सोडून दक्षिणेला निघाले की खांदेरी, जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग अशी आपल्या जलदुर्गांची रांग डावीकडे राहते. बोट दूरवरून जाते, रात्रही असते. दुर्ग दिसतीलच असे नाही. पण दीपगृहे दिसू शकतात. प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापीची लय निराळी असते. दोन झोतांमधले सेकंद मोजावेत आणि कोणते बंदर मागे पडले ते नकाशावर ताडावे. मुलांना हा खेळ फार आवडतो. समोरून येणाऱ्या गलबताचा तांबडा दिवा त्याच्या डाव्या अंगाला आणि हिरवा उजव्या अंगाला असतो. त्यावरून त्याचे तोंड कुणीकडे आहे तेही कळते.

एक दिवस पहाटे, खाण्याच्या दालनात गर्दी उसळण्यापूर्वी, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हात धरून वरच्या डेकवर न्या. त्यांच्यापैकी कुणी लहानपणी वळकटी घेऊन याच पाण्यावरून गावी गेलेले असेल, तर त्यांना बोलू द्या आणि आपण ऐका. त्याचे पैसे वेगळे पडत नाहीत.