अपिलाचा हक्क आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर



नांदेड-लातूरच्या गरीब माणसाला अपील म्हटलं की धास्ती. 1981 साली औरंगाबादला खंडपीठ सुरू झालं. त्याआधी तर मुंबईच गाठावी लागे!

व्ही. आर. कृष्ण अय्यर हे मूळचे केरळातले वकील, 1957 साली तिथे मंत्री, 1973 ते 1980 सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. 1973 सालीच त्यांच्या समितीने गरिबांना कायदेविषयक साहाय्य देण्याबाबत अहवाल दिला होता. परंतु मला मोठा वाटतो तो 1978 चा, आपल्या महाराष्ट्रातल्या होस्कोट खटल्याचा निकाल. मुंबई हायकोर्टाने तीन वर्षांची शिक्षा दिलेला कैदी. निकालाची नक्कल हाती पडलीच नाही, अशी त्याची तक्रार. तोवर चार वर्षं उलटलेली. त्याचा अर्ज फेटाळला गेला, हेही सांगितलं पाहिजे. पण त्याच निकालात अय्यरसाहेबांनी बजावलं : कैद्याला नक्कल फुकट आणि वेळेत द्या, पोच घ्या, ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्या. नक्कलच नसेल तर माणूस अपील करणार कशावर?

पुढे 1987 चा विधी सेवा कायदा 1995 साली लागू झाला. त्यात अनुसूचित जातींना उत्पन्नाची अट नाही, आणि 1990 च्या दुरुस्तीने आपण बौद्धही त्या यादीत आलो. तेव्हा जातीचा दाखला घ्या, जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, साध्या कागदावर अर्ज द्या. लिहिता येत नसेल तर तिथेच लिहून घेतात.